साल सायीला, रस सर्वांत शेवटी: लिंबूवर्गीय आईस्क्रीमची हिवाळी नोंद

संत्र्याचे आईस्क्रीम रसावर होते, ही समजूत मी या हिवाळ्यात जवळजवळ सोडून दिली आहे. संत्रे सोलताना जो वास खोलीभर पसरतो, तो सालीवरच्या बारीक तेलग्रंथींतून येतो, आणि ते तेल पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. रस मात्र आपल्याबरोबर भरपूर पाणी आणि आम्ल घेऊन येतो, म्हणजे बर्फाचे खडे आणि फाटलेले दूध या आईस्क्रीमच्या दोन्ही वैऱ्यांना आवतणच देतो. म्हणून साल सायीत मुरवायची आणि रस अगदी शेवटी, थंडगार असताना मिसळायचा, या एकाच धोरणावर या मोसमातले माझे सारे प्रयोग चालले आहेत. काय जमले आणि काय अजून जमायचे आहे, ते इथे नोंदवतो.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची, नागपुरी संत्री आमच्याकडे सोलापुरात दिवाळीच्या आगेमागे दिसू लागतात आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरते तोवर मंडईत त्यांचे ढीग लागलेले असतात. मृग बहाराची, पावसाळी फुलोऱ्याची, फळे त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आईस्क्रीमची आठवण सर्वांनाच होते, पण करायला खरा सोयीचा काळ हाच आहे. फळ ताजे असते, फ्रीजरवर ताण नसतो आणि हाताने फिरवायच्या आईस्क्रीम पॉटमध्ये भरलेला बर्फही निवांत टिकतो. थंडीत आईस्क्रीम करणाऱ्याला घरचे हसतात, त्याला इलाज नाही.

सालीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि फळ किसणीवर धरले की ती आत दबते. मग रंगीत थराबरोबर खालचा पांढरा थरही किसला जातो, आणि कडवटपणा त्या पांढऱ्यातच असतो. यावर मला सापडलेला उपाय असा, की फळे कोमट पाण्यात चोळून धुऊन, पुसून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावीत. सकाळी ती घट्ट झालेली असतात आणि सर्वांत बारीक किसणीवर हलक्या हाताने, एका जागी दोनपेक्षा अधिक वेळा न घासता, नुसता केशरी थर निघतो. हा कीस लगेच दोन चमचे साखरेबरोबर खलबत्त्यात घोटावा. साखरेच्या कडा सालीच्या पेशी फोडतात, आणि बघता बघता कोरडी साखर ओलसर होऊन तिला फिकट केशरी छटा येते. त्या ओलीत सालीचे तेलही असते, हे बोटाला चिकटणाऱ्या वासावरून ताबडतोब कळते. ही साखर कोमट क्रीममध्ये घालून भांडे झाकून अर्धा तास ठेवतो आणि मग गाळून घेतो. क्रीम हाताला सोसवेल त्याहून थोडेच अधिक गरम असावे, उकळते नसावे. वेळ वाढवून वास वाढत नाही, कडसरपणा मात्र वाढतो. एक लिटर मिश्रणाला तीन मध्यम संत्र्यांची साल पुरते. त्याहून अधिक घातलेला घाणा आईने चाखला आणि ‘हे तर लिमलेटच्या गोळीसारखं लागतंय’ असा निकाल दिला. तिचे म्हणणे अगदी खरे होते, कारण त्या गोळीतही फळाचा रस नसतो, फक्त वास असतो.

रस वगळून मात्र चालत नाही, कारण जिभेला हवी असलेली आंबटगोड चव त्यातच आहे. प्रश्न पाण्याचा आहे. संत्र्याच्या रसात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. रस आटवला तर पाणी जाते, पण त्याबरोबर ताजेपणाही जातो आणि मुरंब्याची चव येते, जी मला या कामासाठी मुळीच पसंत नाही. त्याऐवजी सध्या मी रस गोठवून घट्ट करतो. गाळलेला रस रुंद तोंडाच्या बाटलीत पूर्ण गोठवायचा, मग बाटली गाळणीवर पालथी घालून ती फ्रीजमध्येच एका भांड्यात ठेवायची. आधी वितळते ते साखर आणि आम्ल असलेले दाट पाणी. ते गडद केशरी थेंबांनी खाली उतरते आणि वर बाटलीत उरणारा बर्फ हळूहळू पांढुरका होत जातो. निम्मा रस उतरला की थांबायचे. पंढरपूर तालुक्यातील द्राक्षबागायतदार मेहुण्यांचा ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण दाखवणारे उपकरण, मी काही दिवस मागून आणला आहे. त्यावर मूळ रस दहा-साडेदहा दाखवत होता आणि उतरलेला रस अठराच्या जवळ. विस्तव न लावता एवढे साधत असेल तर रात्रभराची वाट पाहायला माझी हरकत नाही.

रस काढताना मिक्सर वापरू नये, एवढे आवर्जून सांगतो. बिया फुटल्या की त्यांतला कडूपणा रसात उतरतो आणि तो साखरेने झाकत नाही. फोडी हाताने पिळून किंवा जाड चाळणीवर दाबून घेतलेला रस सर्वांत स्वच्छ निघतो.

सध्या स्थिरावलेले प्रमाण असे आहे. म्हशीचे अर्धा लिटर दूध आटवून चारशे मिलिलिटरवर आणायचे, त्यात 30 ग्रॅम दूध पावडर आणि थंड दुधात कालवलेले 10 ग्रॅम कॉर्नफ्लोअर घालून दाटसर होईपर्यंत शिजवायचे. गार होत आले की सालीत मुरवलेले 25 टक्के स्निग्धांशाचे 200 मिलिलिटर क्रीम, सालीबरोबर घोटलेली धरून एकूण 130 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. घट्ट केलेला रस 200 मिलिलिटर. हिशेब केला तर स्निग्धांश साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ‘आईस्क्रीम’ म्हणवून घ्यायला दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के लागतो, तेव्हा कागदोपत्री माझे आईस्क्रीम ‘मीडियम फॅट’ या वर्गात मोडते. क्रीम वाढवून दहा टक्के गाठता येतात, पण तसे केल्यावर संत्र्याची चव मागे पडून जिभेवर साय रेंगाळते, म्हणून मी ते मुद्दाम वाढवलेले नाही. घरची साय वापरायची असेल तर ती घोटून गाळून घ्यावी, नाहीतर गुठळ्या राहतात. साखरेपैकी पाचवा हिस्सा काढून त्याऐवजी डेक्स्ट्रोज, म्हणजे शुद्ध ग्लुकोजची पावडर, घातली की डबा बाहेर काढल्यावर चमचा सहज जातो. ग्लुकोजचे रेणू साखरेच्या रेणूंपेक्षा लहान, त्यामुळे तेवढ्याच वजनात ते संख्येने अधिक असतात आणि गोठणबिंदू अधिक खाली ओढतात. शिवाय गोडीही कमी असते.

दूध फाटण्याची भीती अनेकांना या वाटेला जाऊ देत नाही. दुधातले केसीन हे प्रथिन 4.6 च्या आसपास पीएच (हा आकडा जितका कमी, तितके आम्ल अधिक) आला की एकमेकांना चिकटू लागते, आणि संत्र्याच्या रसाचा पीएच साधारण साडेतीन असतो. गरम दुधात तो ओतला तर दूध नासणारच. थंडीत मात्र ही क्रिया फार सावकाश होते. म्हणून दुधाचे मिश्रण आणि रस हे दोन्ही फ्रीजमध्ये वेगवेगळे, किमान चार तास ठेवतो. एवढ्या वेळात मिश्रणातला स्निग्धांशही घट्ट होतो आणि घोटताना हवा चांगली धरतो. पॉटमध्ये भरण्याच्या अगदी क्षणभर आधी रस बारीक धारेने ओतत ढवळायचे आणि विसावा न देता गोठवायला घ्यायचे. कॉर्नफ्लोअरने मिश्रणाला आलेला दाटपणाही इथे मदत करतो.

गोठवण्यासाठी दोन मार्ग आळीपाळीने चालू आहेत. लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि जाडे मीठ वजनाने तीनास एक घेतले, तर बाहेरचे खारे पाणी उणे दहाच्या बरेच खाली सहज जाते. सिद्धांताप्रमाणे मीठ-बर्फाची सीमा उणे 21 अंश आहे. बर्फाची लादी गोणपाटात घालून सुपारीएवढे तुकडे होईपर्यंत फोडावी, मोठ्या तुकड्यांत पोकळ्या राहतात आणि डब्याला गारवा लागत नाही. पॉटच्या अंगाला असलेले भोक बुजलेले नाही ना, हे आधी पाहावे, कारण खारे पाणी तिथून बाहेर पडले नाही तर ते झाकणापर्यंत चढते. वीसेक मिनिटांनी दांडा जड होऊ लागतो आणि तेव्हाच थांबायचा मोह होतो. त्यानंतरची पाच मिनिटे सर्वांत मोलाची आहेत. दुसरा मार्ग फ्रीजर आणि मिक्सरचा: मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात दोन बोटे जाडीचे ओतून अर्धवट गोठवायचे, गार केलेल्या मिक्सरच्या भांड्यात फिरवायचे आणि पुन्हा ठेवायचे. पॉटचे आईस्क्रीम पहिल्या दिवशी निर्विवाद सरस असते. आठवड्याने मात्र दोन्हींतला फरक घरात कुणालाही ओळखता आला नाही, कारण फ्रीजरचे दार उघडझाप होऊन बर्फाचे कण दोन्हींत सारखेच वाढतात. पाहुणे यायचे असतील त्या दिवशी पॉट, एरवी मिक्सर, असे मी ठरवून टाकले आहे.

मोसंबीने मात्र निराशा केली. तिला आम्ल इतके कमी, की दूध फाटत नाही ही एक सोय, पण गोठल्यावर चव जवळजवळ नाहीशी होते. आणि काढून ठेवलेला रस काही तासांत कडवट होतो, कारण त्यात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होत जाते. जालन्याच्या उत्तम मोसंबीचेही तेच. ती ताजी पिळून प्यावी, आईस्क्रीमच्या भानगडीत पाडू नये.

कागदी लिंबाची गोष्ट निराळी आहे. त्याचा रस दुधाच्या मिश्रणात पुरेसा घातला तर थंडीसुद्धा आम्लापुढे टिकत नाही, म्हणून मी दूधच काढून टाकले आणि चक्का घेतला. चक्क्यातले केसीन आधीच जमलेले असते, त्याला लिंबू आणखी काय करणार! अर्धा किलो ताजा, आंबूस न झालेला चक्का, 200 मिलिलिटर क्रीम, 180 ग्रॅम साखर, चार लिंबांची साल आणि 50 ते 60 मिलिलिटर रस. कॉर्नफ्लोअर लागत नाही. चक्का आणि साखर पुरणयंत्रातून काढली की कण राहत नाहीत. सालीसाठी हिरवट आणि रसासाठी पिवळे लिंबू घ्यावे: हिरव्या सालीचा वास अधिक तरतरीत असतो आणि पिवळ्यात रस अधिक असतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘साई शरबती’ वाणाची लिंबे मिळाली तर रसाचा प्रश्नच उरत नाही. लिंबाची साल पातळ असल्याने किसणीचा हात संत्र्यापेक्षाही हलका ठेवावा लागतो. हे आईस्क्रीम या मोसमात सर्वांना आवडले, संत्र्याहूनही अधिक.

उन्हाळा लागला की लिंबाचे भाव चढतात, हे इथल्या प्रत्येक रसवंतीवाल्याला ठाऊक आहे. त्यासाठी आत्ताच स्वस्त लिंबांचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, खडे हवाबंद पिशवीत भरून ठेवत आहे, आणि सालीची घोटलेली साखर वेगळ्या बरणीत फ्रीजरमध्येच ठेवली आहे. रसाचे खडे आंबटपणा राखतात, वास मात्र हळूहळू सोडतात; तेव्हा मेमध्ये एक-दोन ताजी लिंबे सालीपुरती घ्यावी लागतील असे दिसते.

पुढचा बेत ईडलिंबाचा आहे. त्याची साल जाड आणि तेलाने गच्च असते, रंगीत थर किसणीवर निघायलाही सोपा, पण पांढरा थर चांगला बोटभर असल्याने कडूपणा कुठवर शिरतो याचा अंदाज येत नाही. तुमच्यापैकी कुणी ही साल सायीत मुरवून पाहिली असेल, तर किती वेळ ठेवली आणि साय किती गरम होती, ते अवश्य कळवावे.