ड्राय स्लोपची चटई कस्टम्समधून सोडवताना

खुलताबादच्या डोंगराळ भागात एका मित्राच्या शेतातील उतारावर आम्ही लहानसा ड्राय स्लोप उभा केला आहे. प्लॅस्टिकच्या ताठ तंतूंची चटई अंथरलेल्या या उतारावर बर्फाशिवाय स्की आणि स्नोबोर्डचे प्राथमिक धडे घेता येतात. जागा मिळाली, पैसे जमले, जुन्या स्की आणि बूटही काश्मीरमधील ओळखीतून आले; त्याबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही. सारे अडले ते कस्टम्समध्ये, आणि त्या दिवसांची आठवण झाली की मला आजही संताप येतो.

आमच्या गिर्यारोहण गटातील मुले दोन आठवड्यांच्या शिबिरासाठी गुलमर्गला जातात, तेव्हा त्यांचे सुरुवातीचे मोलाचे दिवस बूट स्कीत अडकवणे, पडल्यावर उठणे आणि स्कीची पुढची टोके जवळ आणून वेग रोखणे यातच संपतात. हे सगळे घराजवळ शिकता आले तर बर्फावरचा वेळ खऱ्या स्कीइंगसाठी उरतो. ब्रिटनने हा मार्ग फार पूर्वी स्वीकारला. एडिनबराजवळच्या हिलएंड येथे १९६०च्या दशकापासून असा उतार आहे. कोपनहेगनमध्ये तर कचरा जाळून वीज आणि उष्णता निर्माण करणाऱ्या प्रकल्पाच्या छतावर २०१९ मध्ये कृत्रिम उतार खुला झाला.

आम्ही मागवलेली चटई जुन्या ब्रिटिश धर्तीची होती. धातूच्या पट्ट्यांत प्लॅस्टिकचे तंतू बसवलेले असतात आणि त्या पट्ट्या एकमेकींना जोडून मोठ्या छिद्रांची जाळी तयार होते. माल आम्ही नवाच घेतला. परदेशातील बंद पडलेल्या उताराची चटई स्वस्तात मिळते म्हणून कोणी मोहात पडू नये, कारण वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल वगळता त्यासाठी परवाना काढावा लागतो, आणि घन प्लॅस्टिक कचऱ्याच्या आयातीवर २०१९ पासून बंदी असल्याने जुन्या चटईवर कचऱ्याचा शिक्का बसण्याचा धोकाही असतो.

माल बंदरात उतरला. आमच्या कस्टम्स ब्रोकरने क्रीडासाहित्याच्या ९५०६ या शीर्षाखाली, म्हणजे शुल्क ठरवणाऱ्या टॅरिफमधील वर्गीकरण क्रमांकाखाली, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे घोषणापत्र) भरले आणि काही दिवसांतच कस्टम्सची पहिली क्वेरी आली: ही वस्तू ९६०३ खालील ब्रश का समजू नये? आम्ही छायाचित्रांसह उत्तर दिले. त्यावर दुसरी क्वेरी आली: मग ही ३९१८ खालील प्लॅस्टिकचे फ्लोअर कव्हरिंग का नाही? तिचेही उत्तर दिले, तेव्हा तिसऱ्या क्वेरीत पुन्हा ब्रशचाच प्रश्न शब्द बदलून विचारलेला होता. २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट लागू आहे, त्यामुळे माल एका बंदरात पडलेला असतो आणि त्याची आकारणी ठरवणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. या पद्धतीमागचा हेतू मला मान्य आहे. पण ज्या वस्तूचा उपयोग ती हातात घेतल्याशिवाय आणि तिच्यावरून स्की घसरताना पाहिल्याशिवाय कळत नाही, तिच्याबद्दल केवळ संगणकाच्या पडद्यावरून पुन्हा पुन्हा तेच विचारले जाणे फार क्लेशदायक होते. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मी मुंबई गाठली, चटईचा नमुना सोबत नेला, आणि खिडकीवर मला सांगण्यात आले की फाइल इथे नाही, उत्तर ऑनलाइनच द्या. इकडे मोफत साठवणुकीची मुदत संपली होती आणि गोदामाचे भाडे रोज चढत होते. वर्गणी देणाऱ्या पालकांना मी काय उत्तर देणार होतो?

गाडी पुढे सरकली ती दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे कस्टम्स टॅरिफमधील ३९व्या प्रकरणाची दुसरी टीप. ९५व्या प्रकरणातील वस्तू, म्हणजे खेळणी आणि क्रीडासाहित्य, प्लॅस्टिकच्या त्या प्रकरणातून तिथे स्पष्टपणे वगळलेले आहे. ही टीप, उत्पादकाचे पत्र आणि जोडणीचा आराखडा आम्ही एकत्र सादर केला. दुसरी म्हणजे कस्टम्स कायद्याच्या कलम १८ खाली आम्ही मागितलेली तात्पुरती आकारणी, म्हणजे अंतिम निर्णय होईपर्यंत शुल्क तात्पुरते ठरवून माल सोडणे. बंधपत्र आणि हमी देऊन माल सुटला. अंतिम निर्णय अजून आलेला नाही. माझे स्पष्ट मत आहे की दुसरी क्वेरी येताच हा अर्ज करावा, तिसरीची वाट पाहू नये. त्याच कायद्याच्या कलम ४९ खाली अडकलेला माल ३० दिवसांपर्यंत सार्वजनिक वखारीत ठेवण्याची परवानगी मागता येते, हे आम्हाला कोणत्याही खिडकीवर कोणी सांगितले नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी माल मागवण्यापूर्वीच मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग (आगाऊ निर्णय) प्राधिकरणाकडे वर्गीकरणाचा प्रश्न न्यावा.

उताराबद्दलही थोडे सांगतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे तिच्यावर थेट चटई टाकल्यास सांधे वर येतात. आम्ही मुरुमाचा थर देऊन रोलर फिरवला. चटई ओली असली की घर्षण कमी होते आणि स्कीचा तळ तापून खराब होत नाही. मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न निघणारच होता. आम्ही शेतातलाच तुषार संच लावला आहे आणि खाली चर खणून ओघळलेले पाणी पुन्हा शेततळ्यात घेतो. हिवाळ्यातील सकाळ सरावासाठी उत्तम असते, तर एप्रिलच्या दुपारी प्लॅस्टिकला हात लावणेही कठीण होते. लांब बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे यांशिवाय आम्ही कोणालाही वर सोडत नाही. पडताना मुठी मिटण्याची सवय पहिल्याच दिवशी लावतो, कारण उघडा अंगठा जाळीच्या छिद्रात अडकून दुखावणे ही अशा उतारावरची ठरलेली इजा आहे. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांना मनगटाचे रक्षकही लागतात.

यंदा गुलमर्गला गेलेल्या आमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या बळावर वेग रोखून दाखवला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

बीजकाबद्दल सांगायचे राहिलेच. विक्रेते सवयीने नुसते ‘प्लॅस्टिक ब्रश मॅटिंग’ असे लिहितात. पैसे पाठवण्यापूर्वी ‘स्की उतारासाठीचा कृत्रिम पृष्ठभाग’ असे वर्णन बीजकावर आणि पॅकिंग लिस्टवर, दोन्हीकडे अक्षरशः सारखे लिहून घ्यावे आणि त्यासोबत उत्पादकाचे माहितीपत्रकही मागवून ठेवावे.