सहा दिवस, एकच गाव: कामोल्यी

"मला दहा शहरं नकोत. एक समुद्र दाखव आणि तिथे निवांत बसू दे." इटलीला जायचं ठरल्यावर आईची मागणी एवढीच होती. वय 72, गुडघे दुखरे, माहेर वेळणेश्वरचं. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. रोज सकाळी सातला बॅगा बसमध्ये टाकून पुढच्या शहराकडे धावण्यात आईला काय मिळणार होतं?

मग लिगुरियाचा, म्हणजे इटलीच्या वायव्य किनाऱ्याचा नकाशा उघडून बसले. गावातच रेल्वे स्टेशन हवं, समुद्र चालत गाठता यायला हवा आणि शाकाहारी माणसाचं पोट भरायला हवं. चिंक्वे तेर्रे सुंदरच, पण त्या पाच चिमुकल्या गावांत माणसांची रेटारेटी असते. शेवटी कामोल्यीवर बोट थांबलं. जेनोव्हाहून लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, पोर्तोफिनोच्या डोंगराच्या पश्चिम अंगाला. पश्चिमेला तोंड म्हणजे सूर्य समुद्रात बुडणार, अगदी आपल्या कोकणासारखा. हे ऐकल्यावर आईने बाकी काही विचारलंच नाही.

ऑगस्ट मुद्दाम टाळला. 15 ऑगस्टला तिथे 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते आणि त्या दिवसांत सगळा देश समुद्रावर उतरतो. आम्ही सप्टेंबरचा मध्य धरला: पाणी अजून उबदार, आणि गर्दी ओसरलेली. इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. ही कामं मे महिन्यातच उरकली. खरा वेळ गेला तो घर शोधण्यात. कामोल्यीतली घरं उंच आणि गाव उतारावर, त्यामुळे एकाच इमारतीचं पुढचं दार समुद्राकडे खाली, तर मागचं वरच्या रस्त्यावर. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: पायऱ्या किती? दोघांनी "थोड्याच" म्हणून कळवलं. तिसऱ्या मालकीणबाईंनी मोजून सांगितलं, रस्त्यापासून अकरा, पुढे लिफ्ट. तेच घर घेतलं. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा आधी मागून घ्यावा, असं मी कळकळीने सांगेन.

पहिल्या संध्याकाळी आई बाकावर बसून समोरच्या खिडक्या मोजत होती. सहा-सात मजली घरं, गेरूच्या, हळदीच्या, फिकट गुलाबी रंगांची. त्यांवरच्या कित्येक खिडक्या, झडपा आणि नक्षी चक्क रंगवलेल्या! खरी कोणती आणि चित्रातली कोणती, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. खलाशांना समुद्रातून आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग, असं तिथले लोक सांगतात. एकोणिसाव्या शतकात इथली शिडाची जहाजं इतकी होती की 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' असं त्याचं नाव पडलं. शेजारचं रेक्को दुसऱ्या महायुद्धात तिथल्या रेल्वेच्या पुलापायी बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालं. तिथे आज जुनं फारसं काही दिसत नाही. ही दोन गावं एकामागोमाग पाहिली की मन गलबलतं.

खाण्याची चिंता 'फरिनाता'ने मिटवली. काबुली चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. कडा कुरकुरीत, मधे लुसलुशीत. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर आपलं पिठाचं धिरडं. फक्त कांदा-मिरची राहिली." मग रोज सकाळी फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, आणि संध्याकाळी फरिनाता. रेक्कोचा चीज घातलेला पातळ फोकाच्चाही सुरेख. मात्र काटेकोर शाकाहारींनी एक ध्यानात ठेवावं: पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं आणि पेस्तोत, म्हणजे तिथल्या बेझिलच्या हिरव्या चटणीत, ते चीज पडतंच.

समुद्रकिनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. रबरी तळव्याचे बूट नेले होते म्हणून आई घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहू शकली.

तिसऱ्या दिवशी सान फ्रुत्तुओझोच्या मठाकडे जायचं ठरवलं होतं. तिथे गाडीरस्ताच नाही, डोंगरवाटेने चालत जा नाहीतर होडीने. त्या दिवशी समुद्र खवळला आणि होड्या बंद. आमच्याकडे मोकळे दिवस होते, म्हणून काहीच बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. डोंगराच्या कुशीत, पाण्याला टेकून मठाच्या कमानी उभ्या आहेत. त्याच खाडीत 1954 पासून सुमारे 17 मीटर खोलवर हात वर केलेला ख्रिस्ताचा पुतळा आहे. आईने होडीतून पाण्याकडे पाहून हात जोडले.

पण तिला सगळ्यात आवडली ती बंदरातली एक गोष्ट. कामोल्यीत ट्यूना पकडायचं जुन्या पद्धतीचं जाळं अजून लावतात, 'तोन्नारेल्ला'. ते नायलॉनचं नसतं, नारळाच्या काथ्याचं असतं! दरवर्षी हाताने नवं विणतात. पाण्यात काथ्यावर शेवाळ धरतं, त्याने मासे येतात. हंगाम संपला की जाळं कापून तळाशी सोडून देतात, ते कुजून समुद्रातच मिसळतं. धक्क्यावर त्या दोरीची वेटोळी पडली होती. आईने एक टोक उचललं, बोटांत फिरवून पाहिलं. "सुंभच की हा! आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीत कुजत घालायचे. मग बडवून, हातावर वळून सुंभ. माझ्या आजीचे तळवे खरखरीत झाले होते त्याने."

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला आमची भाषा कळत नव्हती, पण आईने तळव्यावर तळवा घासून वळायची कृती करून दाखवली आणि तो उठून उभा राहिला. त्याने चाकूने हातभर दोरी कापून तिच्या हातात दिली.

परत निघताना ती दोरी आईने सुटकेसच्या कडीला बांधली, दोन गाठी मारून. मुंबईच्या विमानतळावर पट्ट्यावरून काळ्या बॅगांची रांग आली, तेव्हा आमची तिला लांबूनच दिसली.