एमएफए पेंटिंग: दोन पावसाळे आणि मधले पंधरा महिने

एमएफएला, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्सला, प्रवेश घेताना सगळे विषयावर बोलतात. माझी थीम काय, माझी शैली कुठली, गाईड कोण मिळणार. कॅलेंडर मात्र फार कमी जण उघडून बघतात. मुंबईत पेंटिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर पहिला कागद कॅलेंडरचाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

हिशोब साधा आहे. वर्ग सुरू होतात तेव्हा बाहेर पाऊस असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवेतला दमटपणा सहसा ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहतो. शेवटचा डिस्प्ले, म्हणजे परीक्षेसाठी काम मांडणं, दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. म्हणजे दोन वर्षांत दोन पावसाळे गेले. तैलरंगाला खऱ्या अर्थाने मानवणारे महिने उरतात ते पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबर ते एप्रिल, मिळून पंधरा. त्यातून वाळण्याचा वेळ, ज्यूरी (परीक्षकांसमोर काम दाखवणं), प्रबंधाचं लेखन आणि शेवटचा फ्रेमिंगचा महिना वजा करा. चार बाय पाच फुटांची बारा कॅनव्हास करायची म्हटली तर महिन्याला एक पूर्ण होणं भाग आहे, आणि ‘पूर्ण’मध्ये शेवटच्या थराचं वाळणंही आलं.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७चं, पण २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे सिनियरने तीन वर्षांपूर्वी सांगितलेले नियम धरून बसू नका, चालू वर्षाची माहितीपुस्तिका ओळन् ओळ वाचा. जी. डी. आर्ट ही पदविका केलेल्यांनी पात्रतेचा रकाना दोनदा वाचावा, कारण पदवी आणि पदविका यांना सगळीकडे एकच माप नसतं. बडोदा किंवा शांतिनिकेतनचा विचार असेल तर तिथल्या तारखा वेगळ्या, पोर्टफोलिओची अपेक्षाही वेगळी. पुढे कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर सहाय्यक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि सोबत नेट किंवा सेट लागते. ५४ टक्क्यांवर अडकलेली माणसं आहेत, म्हणून हा आकडा पहिल्या सेमिस्टरपासून डोळ्यांसमोर ठेवा.

पोर्टफोलिओत वीस चित्रं टाकण्यापेक्षा एकमेकांशी बोलणारी बारा टाका. शाळेतल्या इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेपासूनचं सगळं दाखवण्याची हौस आवरा. फोटो काढताना कॅनव्हास भिंतीला तिरका टेकवून वरून मोबाइल धरला की वरची कड रुंद आणि खालची अरुंद येते. चित्र सरळ उभं करा, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर ठेवा, दोन पावलं मागे जा आणि थोडं झूम करा; अगदी जवळून रुंद लेन्सने काढलं की कडा फुगतात. दोन दिवे असतील तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर लावा. नसतील तर ढगाळ दिवशी गच्चीच्या दाराशी, फ्लॅशशिवाय. चित्राखाली नाव, माध्यम, आकार आणि वर्ष लिहा. आकारात आधी उंची, मग रुंदी. हे उलटं झालं की बघणाऱ्याच्या डोक्यात उभं चित्र आडवं होतं.

आता पहिला पावसाळा. या दिवसांत मोठा तैलरंग सुरू करू नये. कोळसा, शाई, ॲक्रिलिक, कागदावरची छोटी कामं यांनी रोजचा हात चालू ठेवावा. प्रिंटमेकिंगची खोली मिळत असेल तर जरूर शिरा. एचिंगचा, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छाप घेण्याचा, कागद नाहीतरी भिजवूनच घ्यावा लागतो, तिथे दमट हवा आड येत नाही. आणि बघायला जा. कावसजी जहांगीर हॉलमधली एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय), समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बघताना वही न्या आणि चित्राची कड बघा, मधला भाग नंतर. कडेला थर उघडे पडतात: खाली कुठला रंग होता, चित्रकाराने तो का झाकला, कॅनव्हास किती जाड होतं, ते तिथे दिसतं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभं राहून रंग कुठे चढवलाय आणि कुठे उचलून घेतलाय हे वेगळं करता आलं, तर तो दिवस सार्थकी लागला समजा. छापील पुस्तकात तो फरक सपाट होतो.

प्रबंधाचा विषय याच महिन्यांत ठरवा, आणि लहान ठरवा. ‘मुंबईतील आधुनिक चित्रकला’ हा विषय होत नाही, ते एक कपाट होतं. एक चित्रकार, एक माध्यम, दहा वर्षांचा काळ एवढं पुरतं. विषय नक्की करण्याआधी मूळ चित्रं कुठे आहेत ते शोधा. सावळाराम हळदणकरांच्या जलरंगावर लिहायचं ठरवलं तर हातात दिवा धरलेली ती सुप्रसिद्ध स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे; रेल्वेच्या तिकिटाचा खर्च धरूनच विषय घ्यायचा. जलरंगाची पारदर्शकता पुनर्मुद्रणावरून लिहिता येत नाही. इंग्रजीची धास्ती असेल तर आधी पूर्ण प्रकरण मराठीत लिहा. विचार मराठीत पक्का झाला की भाषांतर हे फक्त कष्टाचं काम उरतं.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की कॅनव्हास ताणायला घ्या. पण त्याआधी मोजपट्टी घेऊन घराचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजा. चार बाय पाचची फ्रेम दारातून आडवी निघते, अडकते ती चाळीच्या जिन्याच्या वळणावर. तिथे अडचण असेल तर चार बाय अडीचचे दोन भाग करून मागून नट-बोल्टने जोडा. असे भाग लोकलच्या लगेजच्या डब्यातून गर्दीची वेळ टाळून नेता येतात आणि काळी-पिवळीच्या टपावरच्या कॅरियरवरही बसतात. नेताना रंगवलेल्या बाजूवर बबल रॅप थेट लावू नका. ताज्या रंगावर त्याचे गोल ठसे उमटतात आणि जात नाहीत.

चार बाय पाचच्या फ्रेमसाठी कापड ५४ बाय ६६ इंच कापा, म्हणजे चारही बाजूंना तीन इंच मागे वळवायला मिळतात. फ्रेमची लाकडी पट्टी दोन इंच रुंद आणि दीड इंच जाड, आतल्या कडेला उतार दिलेली. उतार नसला की पट्टीची कड कॅनव्हासला आतून टेकते आणि काही महिन्यांनी चित्रावर चौकटीची रेघ उमटते. मध्ये एक आडवी पट्टी हवीच. ताणायला सुरुवात चारही बाजूंच्या मध्यापासून, समोरासमोर, कोपऱ्यांकडे सरकत. कोपरे शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मध्ये तिरक्या सुरकुत्या येतात आणि त्या गेसोने, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराने, झाकल्या जात नाहीत.

स्टेपल स्टेनलेस स्टीलचे घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत साधा स्टेपल एका पावसाळ्यात गंजतो आणि कापडावर तपकिरी ओघळ धरतो. मागून बघितलं तर प्रत्येक स्टेपलभोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ दिसतं. वर्षभराने तिथलंच कापड बोटाच्या दाबाने फाटतं.

साइझिंगबद्दल, म्हणजे रंगाआधी कापडाला द्यायच्या लेपाबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चूक झाली तर ती डिस्प्लेच्या वेळी वर येते. जुन्या पद्धतीत सरस (प्राण्यांच्या कातडीपासूनचा गोंद) लावायचा आणि वर झिंक किंवा खडूची पूड. सरस हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात तो मऊ पडतो, कॅनव्हास सैल होतं, आणि विद्यार्थी लगेच फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या मागच्या पाचरी ठोकून ते घट्ट करतात. हीच चूक. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की सरस आकसतो, आधीच ताणलेलं कॅनव्हास आणखी ताणलं जातं आणि रंगाच्या थराला केसासारख्या भेगा जातात. पावसाळ्यात सैल पडलेल्या कॅनव्हासला हात लावू नका, दिवाळीनंतर बघा. त्यातही सरस म्हणजे बुरशीचं अन्न. म्हणून मुंबईत तरी मी ॲक्रिलिक गेसोच सुचवेन. तीन पातळ थर, प्रत्येक थर आधीच्याला काटकोनात, मध्ये २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात. पाणी जास्त घालून गेसो वाढवू नका, बांधणारा पदार्थ पातळ झाला की थर भुकटीसारखा होतो आणि वरचं तेल पिऊन टाकतो. शेवटच्या थरानंतर तैलरंग लावण्याआधी किमान तीन दिवस, हवा दमट असेल तर आठवडा. हाताला कोरडं लागतं म्हणजे वाळलं असं नाही. सुताराचा पांढरा गोंद पाणी घालून साइझ म्हणून वापरण्याची सवय सरावाच्या कामापुरती ठीक आहे, डिस्प्लेच्या कामाला नको.

तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. म्हणून त्याला वारा आणि उजेड लागतो. अंबर हा तपकिरी रंग एकदोन दिवसांत धरतो, टायटॅनियम व्हाइटला आठवडाभर, आयव्हरी ब्लॅक आणि गडद लाल ॲलिझरिनला दोन आठवडेही लागतात. काळ्याचा जाड थर खाली आणि अंबरचा पातळ थर वर असं झालं की वरचा आधी घट्ट होतो, खालचा हलत राहतो आणि भेग पडते. खालचे थर टर्पेंटाइन घालून रोड, वरचे लिनसीड (जवसाचं तेल) घालून तेलकट, हा क्रम मोडू नये. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही. झिंक व्हाइट शुभ्र दिसतो पण वाळून ठिसूळ होतो. मोठ्या, हलणाऱ्या कॅनव्हासवर टायटॅनियम बरा. मधल्या थरात रंग शोषला जाऊन मेल्यासारखा दिसला तर लिनसीड आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन त्या जागी अगदी पातळ चोळा, पाच मिनिटांनी सुक्या फडक्याने पुसा आणि मगच पुढचा रंग लावा. नाहीतर मेलेल्या रंगाशी जुळवून लावलेली छटा वाळल्यावर वेगळीच निघते.

आणि ती फडकी. लिनसीड लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं की ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. लाकडी फ्रेम आणि टर्पेंटाइनने भरलेल्या खोलीत याचा अर्थ काय, ते समजावायला नको. पाणी भरलेला झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, रोज संध्याकाळी फडकी त्यात.

दुसरा पावसाळा येतो तेव्हा सहासात कॅनव्हास तयार असतात आणि खरी परीक्षा ती जपण्याची. भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या कॅनव्हासच्या खालच्या पट्टीपाशी, कापड आणि लाकूड यांच्या फटीत, आधी कुबट वास येतो, मग राखाडी ठिपके. कॅनव्हास जमिनीपासून दोन विटा उंच ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब, दोन चित्रांमध्ये थर्माकोलचे तुकडे. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते. बुरशी दिसलीच तर ओलं फडकं लावू नका, ती पसरते. तोंडाला मास्क बांधून चित्र पंख्याच्या वाऱ्यात सावलीत पूर्ण सुकू द्या, मग गॅलरीत नेऊन मागून मऊ ब्रशने झाडा. अंधारात तोंड फिरवून ठेवलेली पांढरी जागा पिवळट दिसू लागली तर घाबरू नका. लिनसीड अंधारात पिवळं पडतं आणि काही आठवडे उजेडात ठेवलं की बरंचसं परत येतं.

ज्यूरीत विचारलं जातं ते बहुतेक वेळा साधं असतं: हा आकार एवढा मोठा का, इथे लाल का, हे दोन शेजारी का. उत्तर थीममधून सुरू केलं की गाडी घसरते. हाताने काय केलं तिथून सुरुवात करा. ‘आधी इथे हिरवा होता, तो मागे जात होता म्हणून झाकला’ हे उत्तर समोरच्याला चित्रात घेऊन येतं.

डिस्प्लेला चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर. व्हार्निश लावण्याचा मोह टाळा. पातळ थरांच्या कामालाही सहा महिने थांबावं लागतं, जाड कामाला वर्ष.

निकालानंतर जून लागतो आणि सगळी कॅनव्हास एकदम घरी येतात. जागा नसेल तर फ्रेमवरून उतरवून गुंडाळा, पण रंग बाहेरच्या बाजूला ठेवून आणि किमान आठ इंच व्यासाच्या नळीवर. आत रंग ठेवला की थर दाबला जातो आणि उलगडताना फुटतो. शेवटचा थर मार्चनंतरचा असेल तर ते कॅनव्हास गुंडाळू नका. त्याला पलंगामागची उभी जागा द्या, खाली दोन विटा घालून.