हवेचं तापमान सगळे बघतात, समुद्राचं कोण बघतं?

२०२४ आजवरचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा साधारण १.५५ अंश जास्त असं जागतिक हवामान संघटनेनं सांगितलं आणि लगेच पॅरिस कराराची (तापमानवाढ रोखायला देशांनी मिळून केलेला करार) १.५ अंशांची मर्यादा मोडली का यावर चर्चा सुरू झाली (एका वर्षावरून तसं ठरवत नाहीत, वीसेक वर्षांची सरासरी धरतात). ती चर्चा हवीच. पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकून राहते ना, त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रात जाते. नव्वद! ज्या हवेच्या गरमीने आपण हैराण होतो तिच्या वाट्याला त्यातले जेमतेम एक-दोन टक्के येतात.

हे कळतं कसं, तर आर्गो नावाचे फ्लोट आहेत, माणसाच्या उंचीएवढ्या नळ्याच म्हणा, जगभरच्या समुद्रात मिळून जवळपास ४,००० तरंगतायत. एक हजार मीटर खोल वाहत राहायचं, मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारायची, वर येताना तापमान आणि क्षार मोजत यायचं, सॅटेलाइटला सगळं पाठवायचं आणि परत खाली. साधारण दर दहा दिवसांनी हेच, बॅटरी संपेपर्यंत. मला हे फार भारी वाटतं. बरेच देश मिळून हे चालवतात आणि डेटा कुणालाही फुकट बघता येतो.

आणि तो डेटा काय सांगतो, तर हवेचं तापमान एखाद्या वर्षी वर एखाद्या वर्षी खाली असं होतं, एल निन्यो (प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी तापतं ते) आला की उडी मारतं, पण समुद्रातली एकूण उष्णता जवळजवळ सरळ चढतच चाललीये.

तापलेलं पाणी फुगतं. समुद्राची पातळी वाढतेय त्यात वितळणाऱ्या बर्फाचा वाटा मोठा आहेच पण हे नुसतं फुगणंही बरंच आहे, आणि १९९३ पासून सॅटेलाइटने मोजतायत तर तेव्हाच्या मानाने वाढीचा वेग आता जवळपास दुप्पट झालाय. कोमट पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो.

पण प्रवाळांचं वाचलं की पोटात तुटतं. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला खायला देतं आणि रंगही देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त आणि तेही काही आठवडे तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो, पांढराफटक पडतो, आणि पाणी वेळेत निवलं नाही तर उपाशी मरतो. असं जगभर एकाच वेळी होणं पहिल्यांदा १९९८ मध्ये दिसलं, मग २०१०, मग २०१४ ते २०१७, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथ्यांदा जाहीर झालं. सावरायला चांगली दहा-पंधरा वर्षं लागतात, ती मिळतायत कुठे त्यांना?

उत्सर्जन खरंच शून्यावर आणलं तर हवेचं तापमान वाढायचं बऱ्यापैकी थांबेल असं शास्त्रज्ञ सांगतात, आणि माझी आशा त्यावरच आहे. खोल पाण्यात मुरलेली उष्णता मात्र लगेच निघत नाही, समुद्राची पातळी त्यानंतरही शेकडो वर्षं वाढत राहील. म्हणून दरवर्षी तापमानाची बातमी देताना समुद्रातल्या उष्णतेचा आकडाही तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तोवर मी त्या फ्लोट्सचा नकाशा उघडून बसते. सगळा समुद्र ठिपक्यांनी भरलेला दिसतो, त्यातला कुठलातरी एक ठिपका आत्ता वर येत असणार.