बार्बरा कॉपल: दोन संप, दोन माहितीपट

अमेरिकन माहितीपटकार बार्बरा कॉपल यांचे नाव निघाले की बोलणे ‘हार्लन काउंटी, यू.एस.ए.’ या माहितीपटाकडे वळते, आणि त्या कलाकृतीचा तो मान आहेच. पण मला त्यांचा १४ वर्षांनी आलेला ‘अमेरिकन ड्रीम’ अधिक मोठा वाटतो. तो का, हे सांगायचे तर सुरुवात मात्र हार्लनपासूनच करावी लागते.

१९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या कॉपल यांनी माहितीपटकार मेझल्स बंधूंकडे उमेदवारी केली. खाणकामगारांच्या युनियनमधील सुधारणावादी नेते जॉक याब्लोन्स्की यांची १९६९ च्या अखेरीस पत्नी आणि मुलीसह हत्या झाली, तेव्हा युनियनमध्ये जी चळवळ पेटली तिचे चित्रीकरण करायला त्या निघाल्या होत्या. १९७३ मध्ये केंटकी राज्याच्या हार्लन काउंटीतील ब्रुकसाइड कोळसा खाणीत संप सुरू झाला आणि त्या तिथेच थांबल्या. खाण ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या मालकीची होती आणि युनियनशी करार करावा एवढीच कामगारांची मागणी होती. तरीही संप तब्बल १३ महिने रेंगाळला.

या माहितीपटाला निवेदक नाही. कॉपल स्वतः ध्वनिमुद्रण करत असल्यामुळे त्यांचा आवाज मात्र अधूनमधून ऐकू येतो. संपफोड्यांना संरक्षण देणाऱ्या बंदूकधाऱ्यांचा म्होरक्या बॅसिल कॉलिन्स गाडीतून येतो आणि त्यांच्याकडे ओळखपत्र मागतो. त्या शांतपणे त्याचेच ओळखपत्र मागतात. आपले कुठेतरी राहून गेले असावे असे तो म्हणतो, तेव्हा आपलेही तसेच झाले असावे, असे उत्तर त्याला मिळते. प्रसंग पाहताना हसू येते, पण पहाटेच्या अंधारात याच लोकांनी हल्ला केला, गोळ्या झाडल्या आणि चित्रीकरण करणाऱ्यांनाही मारहाण केली, हे पाहिल्यावर त्या उत्तरामागचे धाडस कळते. पैसे संपले आणि फिल्म विकत घेणे परवडेना, तेव्हाही त्या कॅमेरा घेऊन फाटकावर जात आणि चित्रीकरण चालू असल्याचे भासवत, कारण कॅमेरा समोर असला की हिंसाचाराला थोडा तरी आळा बसे. तरीही अखेर लॉरेन्स जोन्स हा तरुण कामगार गोळी लागून मरण पावला आणि त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने करारावर सही केली. १९७६ च्या या माहितीपटाला ऑस्कर मिळाले.

हार्लनमध्ये कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हा प्रश्नच नव्हता. ‘अमेरिकन ड्रीम’ घडतो त्या मिनेसोटातील ऑस्टिन या गावी तो पदोपदी उभा राहतो. हॉर्मेल या मांसप्रक्रिया कंपनीने नफ्यात असताना ताशी १०.६९ डॉलरची मजुरी ८.२५ डॉलरवर आणली आणि १९८५ मध्ये स्थानिक युनियनने संप पुकारला. पण हा लढा हरणार असे राष्ट्रीय युनियनचेच मत होते. कॉपल यांनी दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले. संपावर ठाम असलेला एक भाऊ आणि कामावर परतणारा दुसरा, परत जावे की नाही या विचाराने डोळ्यांत पाणी आलेले धडधाकट पुरुष, लढाऊ पण हिशेबात चुकणारे पुढारी, हे सारे त्यात आहे. ज्यांच्याबद्दल मनापासून आस्था आहे त्यांचा पराभव त्यांच्याच चुकांसकट दाखवणे, हे काम मला बंदुकीसमोर उभे राहण्याहून अवघड वाटते. या माहितीपटालाही ऑस्कर मिळाले.

पुढे त्यांनी चित्रपट दिग्दर्शक वुडी ॲलन यांच्या जॅझ दौऱ्यावर ‘वाइल्ड मॅन ब्लूज’ केला, तेव्हा त्या प्रसिद्ध माणसांच्या मागे लागल्याची कुरकुर झाली असणार. तो मलाही हलकाच वाटतो. ‘शट अप अँड सिंग’ (२००६) बद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही. इराक युद्धाच्या तोंडावर अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध मंचावर एक वाक्य बोलल्यामुळे डिक्सी चिक्स या गायिकांची गाणी रेडिओवरून हटवली गेली. ते वाक्य तिघींपैकी एकीचे होते आणि उरलेल्या दोघी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सेसिलिया पेक यांच्यासह कॉपल यांनी कॅमेरा मुख्यतः रोखला आहे तो या तिघींच्या आपसातल्या बोलण्यावर.