ती हो म्हणाली, पण कशाला?

मागच्या महिन्यात भर दुपारी एक पोरगा स्टुडिओवर आला. ओळखीतलाच, दोन सीझन माझ्यासोबत लग्नांना सेकंड कॅमेरा केलाय त्यानं, हात चांगला आहे, लाईटची समज आहे. कूलरसमोर उभं राहून अर्धी बाटली पाणी प्यायला आणि म्हणाला, "दादा, रविवारी स्टुडिओ पायजे होता भाड्यानं. न्यूड शूट करून राहिलो. एकच लाईट, काळा बॅकग्राउंड, बस." मॉडेल कोण विचारलं तर ओळखीची आहे, तयार आहे म्हणाला. मग मी विचारलं, फोटो कुठं टाकशील, एडिट कोण करणार, चेहरा दिसणार का, पैसे किती देऊन राहिला, तिच्यासोबत कोणी येणार का. तो जरा वैतागलाच. "दादा, ती हो म्हणाली ना."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, कारण २०१७ मध्ये मी पण एवढ्याच आधारावर चाललो होतो.

डिसेंबर होता. नागपूरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना माहीत आहे, पहाटे पारा आठ-नऊवर येतो आणि फरशी दिवसभर बर्फासारखी राहते. माझा स्टुडिओ तेव्हा मानेवाड्याला एका गाळ्यात होता, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, हीटर नव्हता, चेंजिंग रूम नव्हती. मॉडेल चोवीस वर्षांची, नाटकात काम करायची, हुशार, स्वतःच्या शरीराबद्दल मोकळी. तीन हजार ठरले होते ते मी शूटच्या आधीच दिले, त्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. नेटवरून उतरवलेला दोन पानी इंग्रजी रिलीज फॉर्म, म्हणजे फोटो वापरायला मॉडेलची लेखी परवानगी, तिनं उभ्या उभ्या सही केला. बॅकग्राउंड पेपरच्या मागं जाऊन कपडे बदलले, एका हातानं तो पेपर धरून, कारण क्लॅम्प ढिला होता आणि पेपर सरकत होता. तीन तास शूट चाललं. मी पूर्ण वेळ जॅकेट घालून होतो. हे मला त्या दिवशी दिसलंच नाही, काही वर्षांनी त्या शूटचा एक बिहाइंड-द-सीन फोटो सापडला त्यात दिसलं, मी जॅकेटमध्ये आणि तिच्या दंडावर काटा आलेला.

फोटो चांगले आले होते. आजही म्हणेन, माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांपैकी ते एक. पाठ, खांदा, वळलेली मान. तिला दाखवून, विचारून त्यातले पाच मी माझ्या पेजवर टाकले, चेहरा एकातही नव्हता.

२०२२ मध्ये तिचा फोन आला. लग्न झालं होतं. खांद्यावरच्या तिळावरून घरातल्या कोणीतरी ओळखलं होतं. रडत वगैरे नव्हती, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दादा, ते फोटो काढून टाकाल का?" आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल तर ड्रॉवरमधला तो फॉर्म. सही आहे, माझा हक्क आहे. मी म्हटलं, बघतो. आणि ते फोटो काढायला मला चार दिवस लागले, एका लग्नाचा अल्बम द्यायचा होता म्हणून. दोन मिनिटांचं काम. त्या चार दिवसांत तिच्या घरी काय चाललं असेल हे मी आजपर्यंत तिला विचारू शकलो नाही.

पेजवरून काढले आणि मग एकेक आठवायला लागलं. रिटचिंग करणाऱ्या ऑपरेटरला सगळ्या रॉ फाईल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले मूळ फोटो, दिल्या होत्या, म्हणजे फक्त ते पाच नाही, सगळे, चेहऱ्यासकट. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर एक कॉपी. फोनचा क्लाउड बॅकअप चालू होता त्यात एक. दुसऱ्या एका पेजनं न विचारता उचललेला एक फोटो. सगळ्यांच्या मागं लागलो, त्या दुसऱ्या पेजवरचा फोटो निघाला. ऑपरेटर तोवर पुण्याला गेला होता, म्हणतो डिलीट केलंय. करू दे खरं, पण मी बघितलेलं नाही.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वकील मित्रासोबत बसून समजून घेतलं, आधी घ्यायला हवं होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, जे आधी आयपीसीत ३५४-सी होतं आणि २०१३ मध्ये आलं, त्याच्या स्पष्टीकरणात साफ लिहिलंय की बाईनं फोटो काढायला होकार दिला असेल पण तो तिसऱ्याला दाखवायला दिला नसेल, आणि तरी तो पसरवला तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरलात तर १ ते ३ वर्षं. म्हणजे काढणं वेगळं, दाखवणं वेगळं, हे दोन वेगवेगळे होकार आहेत हे कायद्याला कळतं, आणि आम्ही फोटोग्राफर लोक एका सहीत दोन्ही गुंडाळून टाकतो. दुसरीकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा बघा. स्वतःच्या मनानं काढलेल्या फोटोचा मालक फोटोग्राफर, आणि तो हक्क फोटोग्राफर जिवंत असेपर्यंत, आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. ज्या शरीराचा फोटो आहे तिचं त्यात कॉपीराइट म्हणून काहीच नाही. मेल्यावरही साठ वर्षं! चोवीसच्या मुलीची ती दुपार मी जिवंत आहे तोवर माझ्या मालकीची, आणि नंतर माझ्या वारसांची. हे वाचल्यावर मला खरंच बसल्या जागी कसंतरी झालं.

हे फक्त आपल्याकडच्या गाळ्यातल्या स्टुडिओंचं आहे असं पण नाही. जपानचा अराकी, जगभर नाव असलेला फोटोग्राफर, त्याची अनेक वर्षांची मॉडेल काओरी हिनं २०१८ मध्ये लिहिलं की २००१ ते २०१६ तिनं त्याच्यासोबत काम केलं आणि कुठलाही करार नव्हता, फोटो कुठं कसे वापरले जाणार हे तिला सांगितलं जायचं नाही. ते लेखन वाचताना मला त्याच्या नावापेक्षा ती इतकी वर्षं काही बोलली नाही हेच जास्त लागलं. होकार देणारी प्रत्येक जण रोज रोज नाही म्हणू शकेल अशा जागेवर असतेच असं नाही. काम देणारा मी, नाव असलेला मी, कॅमेरा माझा, जागा माझी, दाराची किल्ली माझ्या खिशात. ती कपड्यांशिवाय. अशा वेळी "तिनं तर काही म्हटलं नाही" याला कितीसा अर्थ आहे.

लोक चित्रकला कॉलेजचं उदाहरण देतात, तिथं पण लाईफ स्टडी, म्हणजे समोर नग्न मॉडेल बसवून चित्र काढणं, असते ना. असते, आणि असायलाच हवी. पण वीस विद्यार्थी बसून काढतात तेव्हा वीस वेगळ्या बाया कागदावर उतरतात, एकाची जाड, एकाची बारीक, कोणाला नाक जमत नाही. चित्रातली बाई मॉडेलपासून सुटून निघते. फोटो तिला सोडत नाही. तो तीळ तिथंच राहतो.

आणि हे पण स्पष्ट लिहितो, की न्यूड काढूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. उघडं शरीर म्हणजे घाण हे मला मान्य नाही आणि कोर्टालाही नाही, टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या नग्न फोटोच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं की नग्न आहे एवढ्यावरून चित्र अश्लील ठरत नाही. गंमत नाही, खरंच विचार करायची गोष्ट आहे, तो फोटो तिच्या वडिलांनी काढलेला होता. पण अश्लीलतेच्या सगळ्या केसेस बघणाऱ्यावर काय परिणाम होतो त्याबद्दल असतात. जिचा फोटो आहे तिचं काय झालं हा प्रश्न तिथं येतच नाही. १९९५ ची ती बुटांची जाहिरात आठवते का, मॉडेल मिलिंद सोमण आणि मधू सप्रे, अंगावर फक्त बूट आणि अजगर? केस १४ वर्षं चालली, २००९ मध्ये सुटले सगळे. मॉडेल पण आरोपी होते त्यात. फोटो काढला कोणी, ठरवला कोणी, आणि तारखा कोणाच्या आयुष्यातल्या गेल्या.

मग त्या पोराला मी बसवलं, चहा मागवला आणि माझी सगळी गोष्ट सांगितली. फॉर्म मराठीत कर म्हटलं, आणि शूटच्या दोन दिवस आधी तिच्या हातात दे, घरी नेऊन वाचू दे. पेजवर, प्रदर्शनात, छापून, स्पर्धेत, प्रत्येकाला वेगळं हो किंवा नाही. आणि तिनं पुढं कधीही सांगितलं तर फोटो काढून टाकणार हे तुझ्या सहीनं लिही. अठरा पूर्ण आहेत का, ओळखपत्र बघ, अंदाज नको. तिला सांग कोणीतरी मैत्रीण सोबत आण. तुझा असिस्टंट लाईट लावून बाहेर बसेल, त्याचा फोन पण बाहेर. शूटच्या आधी तास-दीड तास सैल कपडे घालायला सांग, नाहीतर इलॅस्टिकचे वळ उठतात आणि मग ते जाईपर्यंत ती बिचारी ताटकळत बसते. गाऊन तिच्या हाताशी पाहिजे, प्रत्येक ब्रेकला. पोझ सांगायची तर स्वतः करून दाखव, हात लावायचा नाही, केस बाजूला करायला सुद्धा नाही, तिला म्हण, ती करेल. फाईल्स बाहेर एडिटला जाणार नाहीत. प्रिव्ह्यू पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाकलं तर लोकेशनची माहिती फाईलमध्ये तशीच जाते, ते आधी काढ. आणि पैसे दे. "पोर्टफोलिओ बनवून देतो" हे पैसे नाहीत.

तो म्हणाला, "एवढं केलं तर कोणी मॉडेल येईल का दादा?" मी म्हटलं, मला वाटते उलट होईल, पण नाही आली तर नाही आली, तो पण तिचा निर्णय आहे. मग दोन रविवार तो आला नाही, मला वाटलं गेला दुसरीकडं. परवा फोन आला. मॉडेलनं फॉर्म वाचला, प्रदर्शनाला हो म्हणाली, पेजला नाही म्हणाली. पोरगा जरा हिरमुसला होता पण चिडलेला नव्हता. येत्या रविवारी येऊन राहिले, तिची बहीण पण येणार आहे.

माझ्या त्या मॉडेलला मी मधे एकदा फोन केला होता. पुण्याच्या कॉपीचं मी खात्रीनं सांगू शकत नाही, हे जसं आहे तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "ठीक आहे दादा, सांगितलं ते बरं केलं." त्यातला एक प्रिंट माझ्याकडे अजून होता, त्याचं काय करू विचारलं, तर मला द्या म्हणाली. बर्डीवर भेटलो, पाकीट दिलं, तिनं न उघडता पिशवीत ठेवलं आणि बस पकडली.

आताच्या स्टुडिओत चेंजिंग रूम आहे, पण तिची कडी आतून नीट बसत नव्हती, दार ओढून धरावं लागायचं. काल सुताराला बोलावून बदलून घेतली.