शिशुपालाच्या बाजूने

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच नागपुरात दुकानं उघडी असतात, माणसं बंद असतात. अशाच एका दुपारी पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीनं, जुईनं, टीव्हीवर ‘सेरेंडिपिटी’ लावला. २००१ सालचा सिनेमा, न्यूयॉर्कमधला, ऐन नाताळातला. पडद्यावर बर्फ पडून राहिला होता आणि इकडे कूलरचा पंप पाणी ओढत नव्हता, म्हणून नवरा मागची ताटी काढून आत डोकं घालून बसला होता. प्रेक्षक म्हणाल तर जुई, मी, शेजारच्या वहिनी, कूलरच्या मागून ऐकणारा नवरा आणि आत्या. आत्याचा फ्लॅट अगदी वरच्या मजल्यावर. स्लॅब तापतो, म्हणून उन्हाळ्यात ती आमच्याकडे मुक्कामाला असते.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मोठ्या दुकानात काळ्या हातमोज्यांचा शेवटचा जोड, त्याला एका बाजूनं जोनाथनचा हात, दुसऱ्या बाजूनं साराचा. दोघांचंही आधीच दुसरीकडे जमलेलं. तरी संध्याकाळ एकत्र जाते. मग तो नंबर मागतो आणि बाई म्हणते, नशिबात असेल तर भेटूच. त्याचा नंबर पाच डॉलरच्या नोटेवर, ती नोट खर्च करून टाकायची. तिचा नंबर मार्केझच्या ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या कादंबरीच्या प्रतीवर, ती प्रत जुन्या पुस्तकवाल्याला विकायची. नोट फिरत फिरत तिच्याकडे आली, पुस्तक त्याच्याकडे गेलं, तर ठरलं. नाही तर नाही.

माझं लक्ष हातमोज्यांपाशीच उडालं. आमच्याकडे हातमोजे मे महिन्यात घेतात. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, मेन रोडवर मार्च लागला की फुटपाथभर पांढरे, कोपरापर्यंतचे सुती हातमोजे लटकतात, आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या, फक्त डोळे दिसणाऱ्या पोरी गाडीवरून न उतरताच भाव करतात. तिथं दोघांनी एकच जोड धरला असता तर दुकानदार म्हणाला असता, ‘‘दीदी, और है ना, कित्ते होना?’’ संपली प्रेमकथा. शिवाय त्या दुपट्ट्यातून सख्खी बहीण ओळखू येत नाही, नशिबानं नेमलेली मुलगी कुठून ओळखणार? पुस्तकाचंही तेच. बर्डीला जुन्या पुस्तकांत विकलेली कादंबरी स्पर्धा परीक्षेच्या गाइडांच्या आणि ‘२१ अपेक्षित’च्या थप्पीखाली जी जाईल, ती काढायला नशीब पुरत नाही, दुकानदाराच्या पोराला चहा पाजावा लागतो.

सिनेमा संपायच्या आतच मतं यायला लागली. वहिनींचे डोळे भरलेले. ‘‘असंच असते बाई. वरतूनच ठरलेलं असते सगळं.’’ वहिनींचे स्वतःचे बत्तीस गुण जुळलेले, आणि त्यांच्या घरात दोन टीव्ही आहेत, कारण एका खोलीत दोघांचं एका कार्यक्रमावर एकमत होत नाही. जुईचं म्हणणं, ‘‘ही पोरगी नशिबावर सोडून नाही राहिली, मावशी. ही हो म्हणायचंही टाळून राहिली आणि नाही म्हणायचंही.’’ नवऱ्याचा आक्षेप फक्त लिफ्टवर. हॉटेलात दोघं दोन वेगळ्या लिफ्टमध्ये शिरून एकच मजला दाबतात, तेविसावा. ते त्याला मान्य. पण वाटेत एक पोरगं येऊन सगळी बटणं दाबतं आणि त्यामुळे जोनाथन उशिरा पोहोचतो. ‘‘बाप शेजारी उभा आहे नं त्याचा? मग?’’ आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे तो. लिफ्टची सगळी बटणं दाबणाऱ्या पोरांच्या बापांशी त्याचं जुनं वैर आहे. प्रेमकथेचं काय झालं, हे त्यानं विचारलंही नाही.

आत्या बँकेत होती. ती नोटेवर अडली. ‘‘लिहिलेल्या नोटा आम्ही बाजूला काढत होतो. इतकी वर्षं फिरत कशी राहिली ती?’’ यावर माझ्या मनात आलं की कोणा नागपुरी साराने नंबर पाचशेच्या नोटेवर लिहून घेतला असता, तर ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री तिचं नशीब रद्द होऊन दुसऱ्या आठवड्यात बँकेच्या रांगेत उभं राहिलं असतं.

पण आत्याचा खरा प्रश्न वेगळाच होता. काही वर्षांनी साराचं दुसऱ्या एकाशी लग्न ठरतं. तो कलावंत, लांब केसांचा, फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा. तो पडद्यावर आला तशी आत्या उठून बसली. ‘‘अगं, हा तर सनई वाजवून राहिला!’’

‘‘सनईच्या जातीचंच काहीतरी आहे, आत्याआजी.’’

‘‘मग याचं काय होते शेवटी?’’

‘‘काही नाही होत. ती सोडून जाते त्याला.’’

‘‘आणि त्या पोरीचं? जिच्या लग्नाची सगळी तयारी झाली?’’

जोनाथनशी लग्न ठरलेल्या त्या पोरीचं तर आणखी वाईट. जोनाथन प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या दुकानात ती एकच कादंबरी उघडून बघतो, हे तिनं पाहिलेलं असतं. बिचारीला वाटतं, याला फार आवडते. म्हणून लग्नाच्या तोंडावर ती त्याला शोधून तीच प्रत भेट देते. उघडतो तर आत साराचं नाव आणि नंबर. म्हणजे नशिबानं हे काम करायला माणूस निवडला तो हाच.

‘‘शिशुपाल,’’ आत्या म्हणाली.

जुईला कळलं नाही. मला कळलं.

आम्ही विदर्भाचे लोक प्रेमकथांच्या बाबतीत जरा तोऱ्यात असतो. रुक्मिणी आमची, दमयंती आमची, अजराजाची इंदुमती आमची, अगस्त्याची लोपामुद्रा आमची. जावई तेवढे बाहेरचे. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर, अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. तिथून आषाढीला तिची पालखी आजही पंढरपूरला जाते. आणि या रुक्मिणीनं नशिबाला नोट आणि पुस्तक दिलं नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिचं कृष्णाला लिहिलेलं पत्र आहे, सात श्लोकांचं, आणि त्यात प्रेम आहेच, पण पत्ता आणि वेळही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथं ये. इतकं सोपं. ब्राह्मणाच्या हाती पत्र रवाना.

तिच्याशी लग्न ठरलेला, वरात घेऊन आलेला शिशुपाल मात्र तसाच परत गेला. त्याच्या घरीही विधी झाले असतील, हळद लागली असेल. याबद्दल कोणी कीर्तनात अवाक्षर काढत नाही. आत्या काढायची, कारण तिला रुक्मिणीच्या लग्नाचं एक पुस्तक पाठ होतं.

त्याचं असं झालं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मी लहान असताना आत्या लग्नाची होती. उंच होती, आणि उंच मुलगी म्हणजे आधीच अर्ध्या मुलांच्या उंचीचा प्रश्न. आजोबा पत्रिका स्वतः बघायचे. वर्णाचा १ गुण, वश्याचे २, असं चढत चढत नाडीचे ८. सगळे मिळून ३६, निम्मे जुळले तरी चालतं. एक ते आठची बेरीज मी गुरुजींच्या आधी आजोबांकडून शिकले. पत्रिका जुळली की मगच रविवारी मंडळी बघायला येत. पोहे, चिवडा, संत्र्याची बर्फी. बर्फीच्या ताटलीवर नजर ठेवून आम्ही पोरं दाराआड. मंडळी जाताना दोन-दोन वड्या उरत, त्यावरून मारामाऱ्या. आठवड्याभरात पंधरा पैशांचं पोस्टकार्ड यायचं. सा. न. वि. वि. पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. जी पत्रिका मंडळी येण्याआधी जुळली होती ती मुलगी बघून गेल्यावर जुळेनाशी व्हायची. मंगळ, शनी सगळे त्या एका आठवड्यात जागा बदलत. आजोबा ते कार्ड मोठ्यानं वाचत, मग भिंतीवरच्या तारेला, विजेच्या बिलांच्या वर, टोचून ठेवत. तार वळवून टोक वरच्या बाजूला होतं. कार्ड टोचताना एक बारीक टक् असा आवाज यायचा. आत्या स्वयंपाकघरात असायची. तिला तो आवाज ऐकू येत असणारच.

मग आजीनं उपाय काढला. एकनाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’, त्याचं पारायण. लग्न जमायला हे वाचतात, हे तुमच्याही घरी कोणी ना कोणी सांगितलं असेल. अठरा प्रसंग. आत्या देवघरासमोर बसून वाचायची, आणि वाचता वाचता तिचं मन कुठल्यातरी क्षणी मुरलीधरावरून उठून शिशुपालाकडे गेलं. ‘‘त्याला कोणी पोस्टकार्डसुद्धा नाही पाठवलं,’’ असं ती आजीला म्हणाली आणि आजीनं तिला रागावून उठवलं होतं. पारायणाचा उपयोग झाला नाही. आत्यानं पुढे लग्न केलं नाही, आणि ती गोष्ट लोकांना हवी असते तेवढी दुःखाची नाही.

मी मोठी झाल्यावर मूळ भागवतात तो भाग काढून बघितला. पराभव झाल्यावर शिशुपालाचं तोंड उतरलेलं असतं आणि त्याची समजूत काढायला येतो कोण, तर त्याचा मित्र, मगधाचा राजा जरासंध. तो सांगतो, मी त्याच कृष्णाशी सतरा वेळा हरलो आणि एकदा जिंकलो, मला ना शोक ना हर्ष. माणूस म्हणजे लाकडाची बाहुली, खेळवणारा नाचवील तशी नाचते. म्हणजे बघा, त्या संपूर्ण कथेत रुक्मिणी पत्र लिहिते, कृष्ण रथ जोडतो, ब्राह्मण धावतो. आणि दैवावर प्रवचन होतं ते हरलेल्यांच्या तळावर. हे मला तेव्हापासून फार खरं वाटत आलंय. जिंकलेला माणूस ‘योग होता’ म्हणतो तो पेढे वाटताना, सवयीनं. ‘योग नव्हता’ हे मात्र समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून, नीट बसून सांगावं लागतं.

हे सगळं मी जुईला सांगत होते, तेवढ्यात तिनं फोनवर काहीतरी वाचून दाखवलं आणि माझा सिद्धांत तिथंच थांबला. हा सिनेमा अमेरिकेत लागला ५ ऑक्टोबर २००१ला. ११ सप्टेंबरला महिनाही झाला नव्हता. न्यूयॉर्कच्या दृश्यांत मागे जिथं जिथं ते दोन मनोरे दिसत होते, तिथून ते संगणकावर पुसले आणि मग सिनेमा लावला. त्यातही तर्क असेल. हसायला आलेल्या माणसाला ते बघवलं नसतं. पण नशिबावर सोडा म्हणणारी गोष्ट आणि तिच्या आकाशातून काढून टाकलेल्या दोन इमारती, हे मला काही केल्या एकत्र ठेवता येईना. त्या सकाळी कोणाची गाडी चुकली, कोणी पोराला शाळेत सोडायला थांबलं, ती माणसं वाचली आणि त्यांनी नशिबाबद्दल पुष्कळ सांगितलं. जे वेळेवर कामाला पोहोचले त्यांचं मत कोणी घेऊ शकलं नाही. इथं हरलेल्यांचा तळच नाही, समजूत काढायला जरासंध येणार कोणाकडे?

वहिनी घरी गेल्या. कूलर सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

जुई बराच वेळ गप्प होती. मग तिनं आत्याला विचारलं, ‘‘आत्याआजी, ती कार्डं पाठवणाऱ्यांपैकी कोणी तुला नंतर भेटला का गं कधी?’’

‘‘एक भेटला नं. बँकेत आला होता. घरासाठी कर्ज पाहिजे होतं त्याला. मी तेव्हा कर्जाच्या टेबलवर होती.’’

‘‘मग? दिलं?’’

‘‘नाही बाप्पा,’’ आत्या म्हणाली, ‘‘कागदपत्रं जुळत नव्हती त्याची.’’

खरंच जुळत नव्हती का, हे मी काही विचारलं नाही.